वैशाखातली वहिवाट

वैशाख लागला की आमच्या सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, खाली वाडीत एक वास उतरतो. तापलेल्या कातळाचा वास. रिकामा तवा चुलीवर विसरला की घरात जे पसरतं, त्याच्या जवळपासचं काहीतरी. त्यात वाळलेल्या गवताची धूळ असते, करवंदाच्या जाळीतला आंबूस गोडवा असतो, आणि कुठे दूर कुणी पातेरा जाळत असला तर त्याचा धूर. सकाळी घरापुढच्या खळ्यात उभा राहिलो की तो वास नाकाला लागतो आणि माझे पाय आपले आपण चपला शोधू लागतात.

मालवणाकडे माणसं येतात ती समुद्र बघायला. किल्ला बघतात, मासे खातात, जातात. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की सड्याकडे पाठ होते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझी शाळा लवकर सुटली. समुद्रावर लिहिणारे शिकलेले लोक पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. मी सड्याचं सांगतो. पावसाळ्यात तोच सडा हिरवा होतो, फुलतो, त्याचे फोटो काढायला हल्ली गाड्या येतात. त्यांना म्हणावं, वैशाखात या. नजर जाईल तिथवर काळा कातळ. सावलीला झाड नाही, पाण्याचा थेंब नाही. लांबवर हवा पाण्यासारखी हलते आणि एखादी टिटवी उगीच भांडत असते. वाळूचं वाळवंट मी पाहिलेलं नाही. पण वाळूत निदान पाऊल तरी उमटतं. कातळावर तेही नाही.

तरीसुद्धा वाट होती. ती कुणी केलेली नव्हती, झालेली होती. किती पिढ्यांच्या अनवाणी पायांनी घासून घासून कातळावरचा काळा थर गेला होता आणि मधे हातभर रुंदीचा फिकट पट्टा उरला होता. सकाळच्या तिरक्या उन्हात तो पट्टा तेलाचा हात फिरवल्यासारखा चकाकायचा. दुपारी ऊन डोक्यावर आलं की मात्र दिसेनासा व्हायचा. तेव्हा वाट डोळ्यांनी नाही, तळव्यांनी ओळखायची. गुळगुळीत लागलं की वाटेवर आहेस, खरखरीत लागलं की चुकलास.

ही वाट आमच्या वाडीमागच्या घाटीने वर चढायची, सडा आडवा कापायची आणि पलीकडे खाडीकाठच्या गावात उतरायची. त्या गावात माझी थोरली बहीण दिलेली. आक्का. एसटी सुरू झाली, गावोगाव थांबे झाले, पण आक्काला गाडी लागायची. नुसता डिझेलचा वास आला तरी तिचं पोट ढवळायचं. एकदा कोणीतरी बळेच बसवली, तर अर्ध्या रस्त्यात उतरून उरलेलं चालत आली आणि आल्या आल्या म्हणाली, "माका म्हायेराक येवचा आसा, मरूचा नाय." तेव्हापासून ती आपल्या पायांनी यायची. डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात रातांब्याची सोलं, नाहीतर खाडीतल्या तिसऱ्या. घाटी उतरताना वरूनच हाक मारायची. ती हाक ऐकली की आमच्या घरात पेजेचं आधण वाढायचं.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. घरोघर वीज येत होती, मुंबईचे चाकरमानी टेपरेकॉर्डर घेऊन येत होते, आणि सड्यावर सुरुंग फुटत होते. कातळ फोडायचा, खड्ड्यात ट्रकने माती आणून भरायची आणि हापूसचं कलम लावायचं, अशी नवी शेती निघाली होती. दुपारी धडाम् झालं की आमच्या घरावरचे कौलांचे नळे थरथरायचे आणि कोंबड्या चुलीमागे पळायच्या. हे सुरुंग माझ्या चुलतभावाचे, दाजीचे. दाजी माझ्याहून धाकटा. मुंबईत नोकरी केली, पैसा बांधला, परत आला. सड्यावरची जमीन पूर्वी सामाईक होती. वाटणीत तो तुकडा त्याच्या वाट्याला गेला. जमीन गेली. वाट गेली नव्हती.

दाजीने कलमांभोवती गडगा घातला. गडगा म्हणजे चिखल-चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेली भिंत. छातीइतकी उंच, आणि नेमकी आमच्या वाटेला आडवी. आम्हाला कळलं सुद्धा नाही, कारण खरंच सांगायचं तर आम्ही सगळे एसटीला सोकावलो होतो. कळलं ते आक्कामुळे. चैत्रात ती नेहमीसारखी निघाली, गडग्यापर्यंत आली, उभी राहिली. इकडे जाऊन बघितलं, तिकडे जाऊन बघितलं. साठी उलटलेली बाई, डोक्यावर गाठोडं, भिंत कशी चढणार? तशीच मागे फिरली. चार दिवसांनी तिच्या गावचा माणूस बाजारात भेटला, त्याने सांगितलं, "तुझी भैण गडग्यासून परत गेली रे." पुढे तो काय बोलला ते मी ऐकलं नाही. बहीण माहेरच्या दगडाला हात लावून परत गेली, आणि मी त्या वेळी घरात बसून मासे खात असेन.

आमच्याकडे पोर पाळण्यात असतं तेव्हापासून दोन शब्द त्याच्या कानावर पडतात, गडगो आणि वहिवाट. पुढे दोन्ही कोर्टात भेटतात. मला कोर्टात जायचं नव्हतं. मी देवळात गेलो. सोमवारी पूजा झाल्यावर सभामंडपात चार माणसं बसतात, तिथे सगळ्यांसमोर दाजीला म्हटलं, वाट सोड.

दाजी शांत माणूस. तेच वाईट. तो म्हणाला, "तात्या, वाट चालणाऱ्याची. आता चालता कोण? वैशाखात भर बाराक माझ्या गडग्यार चलत येणारो एक माणूस दाखव. माझ्या हातान दगड काढतंय."

माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "बाराक थंय घोरपडसुदीक नसता."

"मी आसंय," मी म्हटलं.

असं बोलून बसलो आणि मग बेत सुरू झाला. शहाण्या माणसाचा बेत काय असतो? तांबडं फुटायच्या आत घाटी चढायची, ऊन तापायच्या आत सडा ओलांडायचा, दिवसभर पलीकडे सावलीत काढायचा. माझा बेत उलटा. वाईट जागी वाईट वेळेला पोचायचं, त्याआधी नाही, त्यानंतर नाही. बाराला गडगा, तिथून आक्काकडे, आणि त्याच दिवशी परत. एवढं चालून दाखवलं नाही तर लोक म्हणणार, गेला तसा परत एसटीने आला.

बेत आखायला माझा मित्र इनास रोज संध्याकाळी यायचा. पलीकडच्या ख्रिश्चनवाडीतला, माझ्याएवढाच. लहानपणी आम्ही सड्यावर एकत्र गुरं राखलेली. पडवीत बसून तो फर्मानं काढायचा. सुके खारे मासे नको, तहान लागते. कांदा खिशात ठेव, ऊन ओढून घेतो. टायरची चप्पल नको, टायर तापला की पाय भाजतो. चामड्याची घे, ती रात्रभर तेलात ठेव. डोक्याला ओला पंचा, वर टोपी. पाण्याचं मातीचं बुडकुलं घे, त्यात गार राहतं, आणि काचेची एक बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून.

"आणि मी हुर्राक घेतंय," इनास म्हणाला. काजूच्या बोंडांची ती ताजी दारू त्याच दिवसांत निघते.

"हुर्राकान तहान वाढता रे."

"वाढांदी. तहान वाढली काय पाणी गोड लागता."

इतका बेत आखून आदल्या दिवशी इनास लंगडत आला. गुडघा सुजलेला. "मी घाटीच्या पायथ्याक बसतंय," म्हणाला. "सांजेक परत नाय इलंस तर पाद्रीक नि भटाक दोघांकय बोलयतंय. जो आधी पावात त्याचो तू."

आमची घरकारीण, माझी बायको, हे सगळं ऐकत होती आणि बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा घरातली भांडी बोलतात. शेवटी म्हणाली, "देवाक इचारलात?"

आमच्याकडे घर बांधायचं असो, पोरीचं लग्न ठरवायचं असो, ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नको. मी विचारलं नव्हतं. मुद्दामच. देव नको म्हणाला तर मला ऐकावं लागलं असतं, आणि मला ऐकायचं नव्हतं. देवाचा अपमान करण्यापेक्षा त्याला न विचारलेलं बरं.

मी नाही विचारलं तर ती स्वतः गेली. आली ती तोंड पाडून. "डावो कौल इलो."

"तू काय म्हणान इचारलंस?"

"माझ्या घोवाक एकट्याक सड्यार सोडू काय, म्हणान."

"मग नको म्हणालो तो तुका म्हणालो. माका खंय म्हणालो?"

ती आत गेली. जरा वेळाने आतूनच आवाज आला, "एकट्याक सोडू नको म्हणालो मां? बरां. सोडणंय नाय. मीय येतंय."

देवाशी वाद घालायला मी तयार होतो. हिच्याशी नव्हतो.

घाटी चढताना ती पुढे, मी मागे. नऊवारीचा काचा मारलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बुडकुलं. वर आलो आणि सडा समोर उघडा पडला. काही म्हणा, त्या क्षणाला माणसाला आपण केवढे आहोत ते कळतं, आणि मला ते कळलेलं कधीच आवडलं नाही. पायाखाली कुठे कातळ पोकळ वाजायचा, कुठे भरीव. वारा पडलेला. करवंदं पिकून काळी झालेली, ती तोंडात टाकत चाललो तोवर गप्पा चालू होत्या. मग जाळ्याही संपल्या. नुसता कातळ. ऊन वरून येत होतं त्याच्या दुप्पट खालून येत होतं.

"तुमच्या वाडवडलांक ह्या वाटेर एक झाड लावूचा सुचाक नाय?" ती म्हणाली.

"कातळात झाड खंय लागता?"

"दाजीभावजींनी लायल्यानी नाय?"

खरं होतं ते. गडगा आडवा घातला म्हणून त्या माणसाने दगडातून आंबा काढला हे खोटं होत नाही. पण खरं बोलायलाही वेळ-काळ असतो, आणि तो सड्यावर बाराच्या सुमाराला नसतो.

पाणी कमी पडलं. इनास गळल्यावर पाणी एकट्यापुरतं घेतलं होतं, चालणारी पुन्हा दोघं झाली. बाटली संपली, मग बुडकुलं संपलं. शेवटचा घोट मी तिला म्हटलं तू घे, ती म्हणाली तुम्ही घ्या, आणि या मानापानात बराच सांडला. पुढे जीभ टाळूला चिकटली. कानात झिणझिण सुरू झाली. लांब हलणाऱ्या हवेत काळी रेघ दिसू लागली, तो गडगा. त्यावर काहीतरी हिरवं, ती कलमं. त्या हिरव्याखाली कोणी बसलेलं होतं.

दाजी बसला होता. कलमाच्या सावलीत घोंगडी, वर छत्री उघडलेली. त्याचे सुरुंग लावणारे दोन गडी जेवून आडवे झालेले. गडग्याला कोपऱ्यात त्याच्या येण्याजाण्याची फट होती, एरवी आडव्या बांबूंच्या बेड्याने बंद. त्याने ते बांबू काढून ठेवले होते. आणि समोर नवा माठ, पेला, पळसाच्या पानावर गुळाचा खडा.

"येवा, वैनी! येवा, तात्या!" तो उठून उभा राहिला. "केदवासून वाट बघतंय. बसा. आधी गूळपाणी घेवा."

माठाबाहेर पाणी पाझरून दव धरलं होतं. माझी नजर त्यावरून हलेना. पण मी कोकणातला माणूस, मला दिसलं ते पाण्याच्या पलीकडचं. जो हक्काने जातो त्याची वहिवाट. जो बोलावल्यावर येतो, बसतो, गूळपाणी घेतो, तो पाहुणा. दोन गडी साक्षीला होतेच. गूळ तोंडात घातला की दाजी उद्या देवळात सांगणार, तात्या इलो, मी बेडो उघडलंय, पावणचार केलंय, गेलो. मेहेरबानीने उघडलेली वाट मेहेरबानीनेच बंद होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. त्याला खरंच आमची काळजी वाटली असेल. त्याला दोन्ही जमत होतं.

"नको," मी म्हटलं. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"सड्यार पाणी नको म्हणणारो माणूस मी पयलोच बघतंय."

"बघून घी. आमची वाट त्या फटीतसून नाय. हंयसून आसा." मी पायाखालच्या गुळगुळीत पट्ट्याकडे बोट दाखवलं. तो पट्टा सरळ जाऊन गडग्याखाली घुसला होता. "दगड काढ."

"काढतंय रे. आधी पाणी पी. मरशीत."

"मरान. वाटेर मरान."

दोघेही असेच उभे राहिलो असतो. घराणं एकच, हट्ट एकच. तेवढ्यात हिने डोक्यावरचं रिकामं बुडकुलं काढून खाली ठेवलं आणि पान पुढे सरकवणाऱ्या दाजीला विचारलं, "ह्यो गूळ कोणाक, भावजीनू?"

"तुमका, वैनी."

"गूळ पावण्यांक देतत. मी तुमच्या घराण्यातली सून. तुमच्या लग्नात तुमका हळद कोणी लायली? मीच मां? माका गूळ दितास, तर मी पावणी केदवा झालंय?"

दाजीचा पानावरचा हात मागे आला.

"उचला तो गूळ."

दाजीने खरंच तो खडा उचलला. करायचं काय त्याचं, कळेना, म्हणून स्वतःच्याच तोंडात घातला. हिने माठातून पेला बुडवला, उभ्याउभ्या घटाघट प्याली, परत भरला आणि माझ्यासमोर धरला. "घ्या. घरचां पाणी आसा. ह्येचा उपकार नाय लागत."

मी प्यालो. त्या पाण्याची चव सांगत बसत नाही.

आडवे झालेले दोन्ही गडी तोवर उठून बसले होते आणि त्यातला एक पंच्यात तोंड घालून हसत होता. दाजी गूळ चघळत उभा. मग म्हणाला, "वैनी, तुमी वकील होवक व्हये होतात. ह्येच्या घरात फुकट गेलात." आणि वाकला. गडी धावले तर त्यांना हाताने थांबवलं. बोलला होता तसं स्वतःच्या हाताने त्याने दगड काढले, एकेक. मुंबईत लेखणी धरलेले हात. एक दगड निसटून पायाशी पडला, त्याने आईगे केलं. मी मदत केली नाही. हीही नाही. फट माणसाएवढी झाली तेव्हा तो घाम पुसत बाजूला झाला, आणि आम्ही त्याच्या कलमांमधून, आमच्या वाटेने, पुढे गेलो.

आक्का विहिरीवर होती. आम्हाला दोघांना बघून तिच्या हातची दोरी सुटली, कळशी खाली गेली. "ह्या उनात? तुमका कोणी सांगलां? पिसाटलात काय?" असं ओरडली आणि ओरडतच रडायला लागली. जेवायला घातलं, पाठीला तेल लावलं, पुन्हा शिव्या घातल्या. ऊन कलल्यावर आम्ही निघालो तर गाठोडं बांधून दारात उभी. "कळशी झील काढीत," मुलाकडे बोट करून म्हणाली. "चला."

परतताना समुद्रावरून वारा सुटला होता. कलत्या उन्हात वाट पुन्हा चकाकू लागली होती. तिघं एकामागून एक. गडग्याशी दाजी अजून होता. आक्का फटीपाशी आली, पदर खोचला, आणि त्याच्याकडे न बघता, जशी आयुष्यभर गेली होती तशी सरळ निघून गेली. दाजी मात्र तिच्याकडे बघत होता. लहानपणी तिने त्याला कडेवर घेतलेलं. घाटीच्या तोंडाशी येऊन तिने वाडीकडे हाक मारली, आणि खालून इनासने उत्तर दिलं ते इतकं आनंदाने की हुर्राकची बाटली त्याने एकट्याने संपवली हे आम्हाला वरूनच कळलं.

त्यानंतर आक्का जाईपर्यंत त्या फटीतून आली. दाजीने नंतर कधी दगड लावले नाहीत. तो गेला, इनास गेला. घाटीला आता झाडी वाढली आहे. कातळावरचा फिकट पट्टा पुन्हा काळा पडू लागला आहे. दर वैशाखात मी एकदा चालून येतो. माझा मुलगा म्हणतो, बाबा, आता त्या वाटेने येणारं कोण राहिलं? बरोबर आहे. कोणी नाही. ज्यांच्यासाठी वाट मागितली ती माणसं गेली. म्हणून वाट सोडून द्यायची? माणसं गेली म्हणून आपण घराचं दार भिंतीने बुजवत नाही. उद्या कुणाचं पोट गाडीच्या वासाने ढवळेल, कुणाच्या पायांना खाज सुटेल, सांगता येत नाही. तेव्हा त्याला कुणापुढे हात जोडायला लागू नयेत, एवढंच.

यंदा दाजीचा मुलगा येऊन गेला. चांगला मुलगा आहे, मुंबईत वाढलेला, वाकून नमस्कार करतो. म्हणाला, "तात्याकाका, गुरं शिरतात म्हणून त्या फटीला लोखंडी फाटक बसवलंय. पण कुलूप नाही हं. तुमच्यासाठी उघडंच आहे. केव्हाही या."

घरकारीण आतून खोकली. तिचे गुडघे आता घाटी चढत नाहीत, कान मात्र सड्यापर्यंत पोचतात. माझा मुलगा, सून, सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, म्हातारा आता खूश होईल, फाटक मिळालं, मान मिळाला.

मी दाजीच्या मुलाला जवळ बसवलं. पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "बाळा, फाटक काढ. आणि माका येवा म्हणू नको. मी तुझ्याकडे येत नाय. मी जातंय."

परवा निघतोय. चपला तेलात घातल्या आहेत.